उभ्या फोटोसाठी एल ब्रॅकेट घेतला आणि फसलो, जुना रेंजफाइंडर वापरणाऱ्यांनी वाचा

मंडळी, लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं, कारण यात माझाही गाढवपणा आहेच, पण परवा नंदुरबारच्या एका भाऊचा फोन आला आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. त्या फोनचं शेवटी सांगतो.

माझ्याकडे वडिलांचा यशिका इलेक्ट्रो ३५ आहे, फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा, म्हणजे खिडकीतली दोन चित्रं एकावर एक आणून फोकस करायचा. वडील भुसावळला रेल्वेत होते तेव्हा मुंबईहून सेकंडहँड आणलेला. मस्त कॅमेरा, ४५ मिमीची फिक्स लेन्स, एफ १.७. फक्त वजनाला जड, पाऊण किलोच्या आसपास भरतो. आडव्या फोटोला ट्रायपॉडवर काही त्रास नाही, पण उभा फोटो घ्यायला बॉल हेड (ट्रायपॉडचं वरचं, सगळीकडे फिरणारं डोकं) खाचेत आडवं पाडलं की सगळं वजन एका बाजूला लोंबतं आणि लेन्स जड असल्यामुळे कॅमेरा स्क्रूभोवती हळूहळू फिरून तोंड खाली घालतो. आवळा, फ्रेम लावा, परत खाली. यावर उपाय म्हणजे एल ब्रॅकेट, एक बाजू कॅमेऱ्याच्या बुडाला आणि एक बाजू कडेला, म्हणजे हेड न पाडता कॅमेरा उभा बसवता येतो आणि वजन ट्रायपॉडच्या मधोमध राहतं. डिजिटलवाल्यांना मॉडेलनुसार तयार मिळतात, आपल्या जुन्या कॅमेऱ्यांना कोण बनवणार.

तर एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा माणूस भेटला. नाव लिहीत नाही. याने आधी मला बॅटरीचा अ‍ॅडॅप्टर विकला होता, ३५० रुपयाला, कारण यशिकाची ती ५.६ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी आता मिळत नाही आणि ६ व्होल्टची छोटी बॅटरी नळीत घालून चालवावी लागते. तो अ‍ॅडॅप्टर एकदम चांगला निघाला, अजून चालू आहे. इथेच मी पाघळलो. मग महिन्याभराने त्याचाच मेसेज, दादा तुमच्याच मॉडेलसाठी एल ब्रॅकेट बनवलाय, सीएनसी कटिंग, अर्का टाइप (ट्रायपॉडच्या क्लॅम्पमध्ये सरकवून बसणारी प्लेट), २६०० फक्त, दोनच पीस उरले. सोबत व्हिडिओ, ब्रॅकेट लावून कॅमेरा गदागदा हलवतोय आणि काही हलत नाही. व्हिडिओतला कॅमेरा डीएसएलआर होता हे मी नंतर पाहिलं. पैसे आधी टाकले, बिल मागितलं नाही.

पार्सल आलं. काळा रंग मारलेली ओतीव पट्टी, कोपऱ्यात रंगाचा थेंब सुकलेला. अर्काची प्लेट साधारण ३८ मिमी रुंद असते, ही जास्त होती, क्लॅम्पमध्ये जाईना, तर म्हणे कानस मारा, थोडं रबर लावा. कॅमेरा फिरू नये म्हणून चांगल्या ब्रॅकेटला मागच्या बाजूला उभी कड असते, ती इथे नव्हतीच. शिवाय बुडाची पट्टी एवढी मोठी की बॅटरीचं झाकण आणि रिवाइंडचं बटण दोन्ही झाकलं गेलं, म्हणजे रोल संपला की आधी ब्रॅकेट सोडा. तरी मी घासून बसवला. स्क्रू हाताने दीड-दोन आटे गेला आणि मग घट्ट, नाण्याने आवळला तर दगडासारखा. मी खूश, फोटो काढून त्याला पाठवला, "एकदम फिट भाऊ 👍".

दोन दिवसांनी पाऊस लागला म्हणून आम्ही पाटणादेवीला गेलो, चाळीसगावहून जवळ आहे. केदारकुंडाचा धबधबा उभाच घ्यायचा होता, पाणी दुधासारखं यावं म्हणून लेन्सचं भोक लहान करून एफ १६ लावलं, पिवळा दिवा लागला म्हणजे शटर १/३० सेकंदापेक्षा हळू, केबल रिलीज (लांबून बटण दाबायची तार) हातात. ट्रायपॉड गुडघ्याएवढाच ठेवला होता हे नशीब. टक् आवाज झाला, कॅमेरा मान टाकतो तसा कलला आणि दगडावर. ब्रॅकेट तसाच हेडला, त्यातून स्क्रू बाहेर डोकावतोय आणि त्याच्या टोकाला पितळी चुरा चिकटलेला. माझ्याच कॅमेऱ्याचे आटे ते!

जळगावला एमआयडीसीत एक लेथवाले काका आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी स्क्रू बोटात धरला, पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ दोन सुती नही शे, सहाना शे. कोनी दिना तुले?" कॅमेऱ्याचा स्क्रू पाव इंची, म्हणजे दोन सुती, ६.३५ मिमी, इंचाला २० आटे. याने घातलेला साधा ६ एमएमचा बोल्ट, त्याचे आटे दर मिलीमीटरला एक. जाडी कमी म्हणून सुरुवातीला सहज आत जातो, मग आट्यांचं अंतर जुळत नाही म्हणून अडकतो आणि आपल्याला वाटतं काय मस्त बसला. मी घट्टपणा समजत होतो ती आटे चिरडण्याची खूण होती. आडवं असताना कॅमेरा नुसता वर बसलेला असतो म्हणून चालून जातं, पण उभा केला की स्क्रू आडवा होतो आणि पाऊण किलो त्या दोन चिरडलेल्या आट्यांवर.

काकांनी दोन सुती व्हिटवर्थचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे जमेल तेवढे साफ केले, आतले वाचलेत, ५० रुपये घेतले आणि चहा पाजला. पण लेन्सची कड चेपली आणि रेंजफाइंडर हलला. मधल्या पिवळट ठिपक्यात दोन चित्रं आता एकावर एक येत नाहीत, एक थोडं वरच राहतं.

तुम्ही कुठलाही ब्रॅकेट किंवा प्लेट घेतली तर कॅमेऱ्याला लावायच्या आधी त्याचा स्क्रू तुमच्या ट्रायपॉडच्या ओरिजिनल स्क्रूला शेजारी समांतर चिकटवून उजेडात धरा, दात दातात बसले पाहिजेत, मधून उजेड दिसला तर परत पाठवा. आणि स्क्रू बोटांनीच पूर्ण जायला पाहिजे, दीड आट्यात अडला तर नाणं हातात घेऊच नका. काही जुन्या कॅमेऱ्यांना तीन सुती भोक असतं, त्यात दोन सुतीसाठी बुश (भोक लहान करणारी आट्यांची कडी) लागतो, तेही बघून घ्या.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे तुम्हीच वाकडा लावला असेल, मग ब्लॉक. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली आहे, पुराव्याला फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट.

आता तो फोन. नंदुरबारचा भाऊ विचारत होता, तुमचा रिव्ह्यू पाहिला, ब्रॅकेट खरंच एवढा फिट आहे का, मी पैसे टाकतोय. त्या माणसाने माझाच फोटो आणि माझाच मेसेज जाहिरातीत लावलाय, कुठून तरी नंबरही दिसतोय. निळ्या चौकड्याची चादर, यशिका आणि मनगटात स्टीलचं कडं दिसलं तर तो हात माझा आहे, आणि तो फोटो कॅमेरा पडायच्या दोन दिवस आधीचा आहे.