घरचे फोटो: क्लाउडवर की हार्ड डिस्कमध्ये?

फोनमधली जागा संपत आली की बहुतेक घरांत दोनच पर्याय समोर येतात. गूगल फोटोजची जागा पैसे भरून वाढवायची, नाहीतर एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणून सगळं तिच्यात उतरवायचं. मी दोन्ही वापरतो, आजही. पण फोटोंची मूळ प्रत कुठे असावी हे ठरवताना मी हार्ड डिस्ककडे झुकलो, आणि त्याचं कारण पैसा नव्हतं की वेगही नव्हतं.

आधी क्लाउडची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. फोन रिक्षात राहिला तरी फोटो जात नाहीत. आजीचा चेहरा एकदा ओळखून दिला की तिचे सगळे फोटो एका रांगेत समोर येतात. हार्ड डिस्कवर हे सुख आपोआप मिळत नाही. आणि पुराचा मुद्दा आपल्याकडे तरी हलक्यात घेण्यासारखा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात तळमजल्यावरची घरं पाण्यात गेली. अशा घरात फोटोंची एकुलती एक डिस्क कपाटात असेल, तर कपाटाबरोबर फोटोही गेले.

खर्चाचं म्हणाल तर १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची फुकट जागा १५ जीबीवर आली, आणि तीसुद्धा जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. पुढे भाडं. ते बंद केलं तर फोटो लगेच उडत नाहीत, पण नवे चढत नाहीत आणि ईमेलही अडते. मर्यादेच्या वर दोन वर्षं राहिलात तर साठवलेलं काढून टाकण्याची मुभा कंपनीनं नियमांत ठेवली आहे. दोन वर्षं वापरलंच नाही तर खातंही बंद होऊ शकतं. घरातल्या एकाच वडीलधाऱ्या माणसाच्या खात्यात साऱ्या कुटुंबाचे फोटो असतील, तर त्याचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे का, हे आजच विचारून घ्या.

एवढं मी चालवून घेतलं असतं. मला अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

आमच्याकडे आजोबांच्या वेळचे कृष्णधवल फोटो आहेत. ते स्कॅन करून चढवले. स्कॅन केलेल्या फाइलला तारीख लागते ती स्कॅन केलेल्या दिवसाची. म्हणून आईला शेजारी बसवून एकेका फोटोची तारीख बदलली, खाली वर्णन लिहिलं: ‘मे १९६८, वाईचा घाट. डावीकडून बापूकाका, माई, मांडीवर शरू.’ ही माहिती आईशिवाय आता कुणाकडेच नाही. पुढे सगळं संगणकावर घ्यावं म्हणून गूगलच्या टेकआउट सोयीतून उतरवून घेतलं. झिप फाइली उघडल्या तर फोटो जसेच्या तसे होते, पण तारीख स्कॅनची. वर्णन फोटोत नव्हतंच. ते होतं शेजारच्या ‘जेसन’ नावाच्या छोट्याशा फाइलमध्ये, प्रत्येक फोटोला एक वेगळी.

मूळ फाइलला हात लावायचा नाही ही गूगलची पद्धत तत्त्व म्हणून मला पटते. पण वाईचा तो फोटो भावाला पाठवला की जेसन मागेच राहते, आणि त्याच्यापर्यंत पोचतात ती तीन अनोळखी माणसं. फाइलचं नाव लांब असेल तर जेसनचं नाव मध्येच कापलं जातं, मग कुठली चिठ्ठी कुठल्या फोटोची ते जुळवत बसावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचंही तेच. तिथे पाठवतानाच फोटोतली तारीख-ठिकाणाची माहिती गळून पडते, त्यामुळे तुम्ही नंतर हातानं घातलेली तारीख हाच एकमेव आधार असतो. एक्झिफटूलसारखं साधन वापरून हे पुन्हा जोडता येतं. ज्यांना कमांड लिहिण्याची सवय आहे त्यांना ही अडचण कदाचित अडचण वाटणारही नाही. माझ्यानंतर हे फोटो जे उघडतील त्यांच्याकडून मात्र मी तशी अपेक्षा ठेवू शकत नाही.

आता तेच काम मी डिस्कवर करतो. फोल्डरचं नाव ‘१९६८-०५ वाई घाट’. डिजिकॅम हे फुकट सॉफ्टवेअर तारीख आणि वर्णन थेट फाइलच्या आत लिहून ठेवतं. सेटिंगमध्ये तो पर्याय चालू आहे ना, तेवढं बघून घ्यायचं. मग फोटो पेनड्राइव्हवर जावो की ईमेलनं, नावगाव त्याच्यासोबत जातं. तीच प्रत नंतर क्लाउडवर चढवली तर तारीखही बरोबर दिसते. क्लाउडला माझा विरोध नाही, पण तो दुसरा मुक्काम असावा.

डिस्कचेही त्रास आहेत. बऱ्याच पोर्टेबल डिस्कना ती रुंद, चपटी मायक्रो-बी पिन असते. ती काही काळानं सैल होते आणि कॉपी चालू असताना नुसता धक्का लागला तरी डिस्क गायब होते. टाइप-सी पिनची मिळत असेल तर तीच घ्या. चालू असताना डिस्क उचलू नका, आत तबकडी फिरत असते. पुष्कळ पोर्टेबल डिस्क मोठी कॉपी सुरुवातीला भराभर घेतात आणि मग रांगायला लागतात. फोटोंच्या बॅकअपला ते चालतं, रात्री लावून ठेवावं. घरात विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर एक्सफॅट फॉरमॅट सोयीचं, फक्त ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल ओढायची नाही.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क? हलकी, पडली तरी सहसा टिकते, वेग छान. रोज बॅगेतून न्यायची असेल तर माझं मत तिलाच. पण तेवढ्याच जागेला पैसे बरेच जास्त पडतात, आणि वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर तिच्यातला डेटा हळूहळू क्षीण होऊ शकतो. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी मी ती घेणार नाही.

संगणक उघडायचाच कंटाळा असेल, सगळे फोटो फोनमधलेच असतील आणि त्यांत जुन्या स्कॅनची भर नसेल, तर क्लाउड तुम्हाला पुरेल, बहुधा डिस्कपेक्षा बरं पुरेल. घरात जुने अल्बम असतील आणि ते ओळखणारी माणसं अजून सोबत असतील, तर डिस्क घ्या. आणि एक मोठी घेण्यापेक्षा निम्म्या जागेच्या दोन घ्या, दुसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवा. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. दोन डिस्क आणि एक क्लाउड एवढ्यात तो पाळला जातो.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघा, मधलेअधले काही फोटो उघडून बघा, आणि मगच फोनमधले पुसा.