इटली टूरमधलं गुब्बिओ: १५ मे धरून जा, पण मुक्काम आधीच मागून घ्या

मी आणि आप्पा (माझे वडील) मे महिन्यात पैठणहून दहा दिवसांच्या इटली टूरला जाऊन आलो, बुकिंग संभाजीनगरातून केलतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. रोम, फ्लॉरेन्सबद्दल भरपूर लोकांनी लिहून ठेवलंय, मला फक्त गुब्बिओबद्दल सांगायचंय, कारण आम्ही ही टूर घेतली ती त्याच्यासाठीच.

गुब्बिओ म्हणजे मध्य इटलीतल्या उम्ब्रिया प्रांतातलं, डोंगराच्या अंगाला बिलगलेलं जुनं दगडी गाव. तिथले संत उबाल्दो बिशप होते, १६ मे ११६० ला गेले, आणि पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी म्हणजे १५ मेला गावाचा मोठा सण असतो. लाकडाचे तीन खांब, चार मीटरच्या वर उंच, एकेक जवळपास तीनशे किलोचा, त्यांना चेरी म्हणजे मेणबत्त्या म्हणतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक संत. उबाल्दो गवंड्यांचे, त्यांची पोरं पिवळ्या शर्टात, जॉर्ज व्यापाऱ्यांचे, ते निळ्या, आणि अँथनी शेतकऱ्यांचे, ते काळ्या. हे खांब खांद्यावर घेऊन गल्ल्यांमधून पळत पळत थेट डोंगरावरच्या बॅसिलिकापर्यंत (उबाल्दोंच्या मोठ्या चर्चपर्यंत) नेतात. आणि एवढं पळूनबी कुणी कुणाला ओलांडत नाही! उबाल्दो पुढं, मग जॉर्ज, मग अँथनी, दरवर्षी हाच क्रम. आप्पा चाळीस वर्षं नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जातात, ते लगेच म्हणले, "हे तर आपल्या दिंडीसारखंच झालं की, मानाचा नंबर ठरलेला."

दुपारी बाराला चौकात खांब उभे करतात. एकेका खांबावर एक जण चढतो, मातीच्या नक्षीदार सुरईतलं पाणी खांबाच्या बुडाशी ओततो आणि सुरई गर्दीत भिरकावून देतो. ती फुटली की तुकड्यांसाठी झुंबड, घरात तुकडा असला की बरकत म्हणतात. मग चौकात तीन फेऱ्या. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईला दोन तुकडे सापडले, तिनं आप्पांची टोपी बघितली आणि एक त्यांच्या हातात ठेवला. बोटभर लांब, एका बाजूला निळी वेल, कडेला अजून ओलसर. आप्पांनी तो कपाळाला लावला आणि धोतराच्या सोग्यात बांधला.

कंपनीनं चांगलं काय केलं तर १४ तारखेला दुपारी म्युझियम दाखवलं आणि तिथली लोकल गाईड लई जीव लावून सांगणारी होती. हे म्युझियम १४ व्या शतकातल्या पालात्सो देई कॉन्सोली नावाच्या वाड्यात आहे, तिथं काशाचे सात पत्रे आहेत, १४४४ साली सापडलेले, उम्ब्रियन म्हणजे या भागातल्या प्राचीन भाषेतले. काहींची लिपी उम्ब्रियन, काहींची लॅटिन. पुजाऱ्यांनी कोणत्या विधीत काय करायचं, लोकांना शुद्ध करायला मिरवणूक कशी न्यायची हे सगळं त्यात कोरलंय. आपले ताम्रपट बहुतेक दानाचे असतात, इथं अख्खी पूजाविधी धातूवर! हे बघून दुसऱ्या दिवशी सण बघितला म्हणून तो जास्त भिडला. मात्र आमचा टूर लीडर गाईडच्या इंग्रजीचं मराठी अर्धंमुर्धंच करायलाता, आप्पांना मीच सांगत बसले.

आता तक्रार. पळायला सुरुवात होते संध्याकाळी सहाला आणि कंपनीची बस पेरूजाला, आमच्या हॉटेलच्या गावाला, परत निघणार साडेचारला! मुख्य कार्यक्रमच सोडून जायचं? विचारलं तर म्हणायले हॉटेलच्या जेवणाची वेळ ठरलेली आहे. आम्ही आठ जण थांबलो आणि रात्री पदरच्या पैशानं टॅक्सी करून गेलो, आणि थांबलो तेच बरं झालं. अरुंद गल्लीत भिंतीला पाठ लावून उभे होतो, आधी नुसता आरडाओरडा ऐकू आला, मग पिवळा लोंढा, आणि तो खांब हाताच्या अंतरावरून असा गेला की वारा तोंडावर आला. पळता पळताच खांदे बदलतात, एक बाहेर पडला की दुसरा आत, खांब थांबत नाही. एक पोरगा बाहेर पडून आमच्याजवळ पायरीवर बसला, खांदा लालबुंद, आणि रडायलाता. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, भाषा काय लागत नाही तिथं.

डोंगरावर जायचा रोपवे टूरच्या कागदावर होता, उभ्यानं जायचे उघडे पिंजरे असतात त्यात, पण उशीर झाला म्हणून गाळला. त्याचे पैसे अजून परत आले नाहीत. जेवण ठीक, शाकाहारींनी तिथली क्रेशा नावाची जाड भाकरी पालेभाजीसोबत मागावी, पोटभर होतं.

पाचपैकी तीन स्टार देते, तिन्ही गाईडचे आणि म्युझियमचे. बुक करताना १५ मेची रात्र गुब्बिओतच मुक्काम असं लेखी घ्या, हॉटेलं आधीच भरतात म्हणून डिसेंबर-जानेवारीतच विचारा, आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर चढाच्या गल्लीत न थांबता चौकाजवळची जागा धरा.