अकेबिया की निळं कृष्णकमळ?

दक्षिण इंग्लंडमधल्या बागेत कुंपणावर जरा वेगळी, फळं देणारी वेल हवी असेल, तर या दोघींचा विचार करावा.

निळं कृष्णकमळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. ते उन्हाळ्यात फुलतं. एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण मागे कळ्यांची रांग असतेच. कडाक्याच्या थंडीत वरची वेल करपली तरी बहुधा बुंध्यातून पुन्हा फुटते. फळं अंड्याएवढी, केशरी, दिसायला झकास. चव मात्र अगदीच पाणचट. कच्ची तर खाऊच नयेत.

अकेबिया पूर्व आशियातली. १८४५ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती-संग्राहकाने ती ब्रिटनमध्ये आणली. वसंतात तपकिरी-जांभळी फुलं येतात, त्यांना चॉकलेटची आठवण करून देणारा वास. फळ जांभळट, बोटभर लांब. पिकलं की उभं उकलतं आणि आत काळ्या बियांनी खच्चून भरलेला पांढरा, गोडसर गर. जपानमधल्या यामागाता भागात कडवट सालही टाकत नाहीत, तिच्यात सारण भरून शिजवतात. गोम एवढीच, की एकट्या रोपाला सहसा फळ धरत नाही. जवळ दुसऱ्या वाणाचं रोप हवं, आणि बहरात हिम पडलं तर ते वर्ष गेलंच.

दोन रोपांची जागा असेल तर मी अकेबियाच घेईन. मात्र न्यूझीलंडमध्ये आणि अमेरिकेच्या पूर्व भागात ती रानोमाळ माजते. तिथे लावू नये.