सीएस ५०: नऊ वर्षांनी पुन्हा सी लिहायला बसले

एमसीएच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर पदवीच्या, कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) प्रवेशाचा अर्ज एकदाचा कन्फर्म झाला. आधारवर सासरचं नाव, सहाही सेमिस्टरच्या मार्कशीटवर माहेरचं. त्यामुळे लग्नाचा दाखला आणि राजपत्राची प्रत काढण्यातच तीन आठवडे गेले. पीडीएफची साइज कमी करता करता रात्रीचे बारा वाजायचे. पोचपावतीची प्रिंट फाइलला लावली तेव्हा लक्षात आलं, कॉम्प्युटर शिकायला म्हणून अर्ज भरतेय आणि गेल्या नऊ वर्षांत कोडची एक ओळ लिहिलेली नाही. बीएस्सी मॅथ्सला असताना सी या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहायच्या टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनसमोरून मला उठवावं लागायचं. नंतर पतसंस्थेत नोकरी लागली, आणि ते सगळं मागेच पडलं.

मावसभाऊ म्हणाला, "ताई, सीएस ५० कर. फुकट आहे." हार्वर्ड विद्यापीठाचा कॉम्प्युटर सायन्सचा हा प्राथमिक कोर्स, शिकवतात डेव्हिड मलान. पहिल्याच लेक्चरमध्ये शोधायची पद्धत समजावताना ते टेलिफोन डिरेक्टरी मधोमध फाडतात. हजार पानं असली तरी दहा वेळा अर्धी केली की नाव सापडतं. हेच ते अर्धं-अर्धं करत शोधणं, बायनरी सर्च, मी परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं. ते डोळ्यांसमोर असं घडताना मात्र पहिल्यांदाच पाहिलं.

सुरुवात ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या स्क्रॅचपासून, मग थेट सी, सहाव्या आठवड्यात पायथन ही भाषा, पुढे डेटाबेससाठीचं एसक्यूएल आणि वेब. लेक्चर साधारण दोन तासांचं असतं. इंग्रजी वेगात आहे, मी सबटायटल लावून आणि मध्येमध्ये थांबवून बघते. पण लेक्चर बघून कोणी शिकत नाही. खरा कोर्स आहे प्रॉब्लेम सेटमध्ये, म्हणजे दर आठवड्याला स्वतः कोड लिहून सोडवायच्या गृहपाठात. काही इन्स्टॉल करायची गरज नाही, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खातं उघडलं की ब्राउझरमध्येच कोड लिहायला एडिटर आणि तो चालवायला टर्मिनल मिळतं. माझ्या जुन्या चार जीबीच्या लॅपटॉपवर ते नीट चालतंय. मोबाइलवर करायचा विचार असेल तर सोडून द्या.

चौथ्या आठवड्यातल्या 'रिकव्हर' या प्रॉब्लेमबद्दल सांगायलाच हवं. मेमरी कार्डावरून डिलीट झालेले ५० फोटो परत मिळवायचे असतात. हातात असते त्या कार्डाची कच्ची फाइल. ती ५१२ बाइटच्या तुकड्यांनी वाचत जायची. तुकड्याच्या सुरुवातीला एफएफ, डी८, एफएफ असे (हेक्स, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत लिहिलेले) तीन बाइट आले आणि चौथ्याचा पहिला अर्धा भाग ई असला, की तिथे नवा जेपेग, म्हणजे नवा फोटो, सुरू होतो. आधीची फाइल बंद करायची, पुढची उघडायची. माझे फोटो निघत होते, पण मेमरी तपासणारं वॅलग्राइंड तक्रार करत होतं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी मोजताना सुचलं: '000.jpg' या नावाची अक्षरं सात, पण सीमध्ये स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) संपल्याची खूण म्हणून शेवटी एक शून्य बाइट लागतो. मी सातच जागा मागितल्या होत्या. सातचे आठ केले. कोर्सचा उत्तर तपासणारा 'चेक५०' चालवल्यावर सगळ्या ओळी हिरव्या. मी लेकीला हाक मारून एकेक फोटो उघडून दाखवला.

हा आनंद पाठांतरातून मिळत नाही, आणि म्हणूनच मला हा कोर्स मोलाचा वाटतो. अडलं तर कोर्सचं एआयचं बदक (बदकाच्या रूपातला चॅटबॉट) आहे, ते उत्तर हातात देत नाही, वाट दाखवतं. मी तरी आधी तासभर स्वतः झगडते, मग त्याला विचारते.

माझ्यासारखी दुसऱ्या शाखेतून एमसीएला येणारी मुलं, ज्यांना कॉम्प्युटरची पायाभूत तयारी करून घेणारा ब्रिज कोर्स करावा लागणार, त्यांनी अर्ज आणि प्रवेश यांच्या मधल्या दिवसांत हा सुरू कराच. आठवड्याला दहा-बारा तास काढा. नोकरी असेल तर एका आठवड्याचा अभ्यास दोन आठवड्यांत करा, चालतं. तिसऱ्या आठवड्यातला 'टाइडमन' हा प्रॉब्लेम अवघड आहे. त्याऐवजी सोपा 'रनऑफ' निवडता येतो, मी तोच केला. सीएस ५०चं स्वतःचं प्रमाणपत्र मोफत असतं, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटचं हवं असेल तर पैसे भरावे लागतात. मी भरणार नाही.

गुणवत्ता यादी अजून लागायची आहे. आज रात्री पाचव्या आठवड्यातल्या 'स्पेलर' या स्पेलिंग तपासणाऱ्या प्रोग्रामचं हॅश टेबल (शब्द पटकन सापडावेत अशी मांडणी) लिहायला घेतेय, आणि 'टाइडमन'ची फाइलही उघडून ठेवली आहे.