टँक बँगर, पाटी आणि बडी लाइन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जळगावहून मालवण गाठायचे म्हणजे अख्खा दिवस प्रवासात मोडतो, त्यामुळे तेथील एकही स्कूबा डाइव्ह, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर लावून मारलेली बुडी, पाण्याखाली चुकामूक होऊन वाया जाऊ नये, या विचाराने मी आणि माझ्या मेहुण्यांनी गेल्या ऑक्टोबरात तीन वस्तू घेतल्या. सिलिंडरवर चढवायचा टँक बँगर, पाण्याखाली लिहिण्यासाठी मनगटाला बांधायची पाटी आणि दोघा जोडीदारांना जोडणारी दीड मीटरची दोरी, म्हणजे बडी लाइन. मेपर्यंत त्यांच्यासह अकरा डाइव्ह झाल्या.

बँगर म्हणजे इलॅस्टिकच्या जाड पट्ट्यात ओवलेला टणक प्लॅस्टिकचा गोळा. तो ओढून सोडला की सिलिंडरवर ‘टण्ण’ असा आवाज होतो आणि तो गढूळ पाण्यातही स्वच्छ ऐकू येतो. मात्र तो कोठून आला, हे कळत नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १५०० मीटर. त्यामुळे आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोहोचण्यातला जो बारीक फरक आपल्याला दिशा सांगतो, तो जवळजवळ उरत नाही.

डिसेंबरात याचा अनुभव आला. अकरा मीटरवर होतो, चार मीटरपलीकडचे दिसत नव्हते. टण्ण झाले. मी डावीउजवीकडे पाहिले, मागे वळलो, पण मेहुणे कोठेच नव्हते. शिकवल्याप्रमाणे मिनिटभर शोधून सावकाश वर आलो, तर ते माझ्या आधीच पृष्ठभागावर तरंगत होते. ते माझ्या डोक्यावर, तीनच मीटर उंचीवर राहून गोळा वाजवत होते, आणि वर पाहण्याचे मला सुचलेच नव्हते! तेव्हापासून त्यांनी माझ्या उजव्या खांद्याशी राहायचे, वाजवणाऱ्याने जागा सोडायची नाही आणि ऐकणाऱ्याने पूर्ण गिरकी घेऊन वरही पाहायचे, असे ठरले. त्यांचे लाल फिन (पोहताना पायांत घालायचे पंखे) दहा मीटरवर राखाडी दिसत, म्हणून तेही बदलून पिवळे घेतले. गटात चार जणांकडे बँगर असले, तर प्रत्येक ठोक्याला सगळेच माना वळवतात, हा या वस्तूचा खरा त्रास आहे.

खुणांची सवय मला नवी नव्हती, कारण जिनिंगमध्ये काम करताना यंत्रांच्या आवाजात आम्ही हातांनीच बोलतो. तरीही अंगठ्याने घोळ केलाच. मासा आवडला म्हणून मेहुण्यांनी अंगठा दाखवला आणि पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असल्याने मी निघालो.

पाटीवर शिरोरेघ न देता लिहिल्यास वेळ वाचतो, पण लिहिताना दोनदा नकळत खाली गेलो, म्हणून आता तिच्यावर केवळ सिलिंडरमधल्या हवेचे आकडे लिहितो. बडी लाइन गढूळ पाण्यात उत्तम. दोघांनी टोकाचा फास मनगटात न अडकवता मुठीत धरावा, म्हणजे अडचणीत लगेच सोडता येतो. निर्मळ पाण्यात ती उगाच पायांत येते.

बँगरचे इलॅस्टिक मात्र मेच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर ठेवल्याने तडकले. चूक माझीच होती. सध्या तेथे सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवली आहे. खाऱ्या पाण्यात ती किती टिकते, ते पावसाळ्यानंतर कळेल.