छत गळतंय: एपिक्टेटसकडे जावं की बुद्धाकडे?

‘आपल्या हातात आहे तेवढंच बघा’ हा सल्ला दोघांकडेही मिळतो, म्हणून कुणाचाही घेतला तरी चालेल असं वाटतं. मी दोन्ही वापरून पाहिले. चालत नाही.

आधी एपिक्टेटस (स्टोइक पंथाचा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ) धरला, कारण तो वही-पेनात बसतो. त्याच्या शिकवणीची छोटी पुस्तिका ‘एन्खिरिडिऑन’, तिची सुरुवातच वाटणीने होते: मत, ओढ, इच्छा, तिटकारा आपल्या अखत्यारीत; शरीर, मालमत्ता, नावलौकिक, अधिकारपद बाहेर. गुलामगिरी भोगलेला माणूस हे सांगतो म्हणून ऐकावंसं वाटतं. मुलाखत किंवा परीक्षा असेल तर मी आजही स्टोइकांचाच आधार घेतो. रोमन लेखक सिसेरोने दिलेला त्यांचा धनुर्धर आठवतो: नेम धरणं त्याचं, बाण लागणं त्याचं नाही.

मग वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून गळू लागलं. वहीत दोन रकाने आखले. दुरुस्ती करणं त्यांच्या हातात, सोसायटीला पत्र देणं माझ्या, राग माझ्या. पत्र दिलं, ओल आलेल्या भिंतीचे फोटो जोडले. तरी रात्री अडीचला बादलीत टप टप, आणि डोक्यात वरच्या काकांशी कडाक्याचं भांडण. (प्रत्यक्षात लिफ्टमध्ये भेटले की मी हसून नमस्कार करतो.) राग माझ्या रकान्यात, म्हणजे तो आवरत नाही हाही माझाच नालायकपणा. आधी गळती, वर ही अपराधी भावना. एपिक्टेटसशी माझं बिनसलं ते इथे.

त्याच्यावर अन्याय नको. ऑलस गेलियस या रोमन लेखकाने एक प्रसंग लिहून ठेवलाय. इटलीतल्या ब्रुंडिझियम बंदराला जाणाऱ्या जहाजावर वादळात एक स्टोइक पांढराफटक पडला. नंतर गेलियसने विचारलं तेव्हा त्याने एपिक्टेटसचंच पुस्तक काढून दाखवलं: पहिला धसका शहाण्यालाही बसतो, त्याला होकार द्यायचा की नाही एवढंच आपलं. पटतं. पण माझा होकार कुणी विचारतच नाही. जाग येते तेव्हा भांडण निम्मं उरकलेलं असतं.

सारनाथला पाच भिक्खूंना सांगितलेल्या अनत्तलक्खण सुत्तात (‘हे मी नाही’ या खुणेवरच्या प्रवचनात) बुद्ध माझा तो रकानाच पुसून टाकतो. रूप, म्हणजे शरीर, ‘मी’ असतं तर ‘असं हो, असं होऊ नकोस’ म्हणता आलं असतं. तसंच वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांचं. (वेदना म्हणजे इथे नुसतं दुखणं नव्हे, सुखाचीही जाणीव; संज्ञा म्हणजे ओळखणं, संस्कार म्हणजे मनाच्या घडणी, विज्ञान म्हणजे जाणणारं भान, सायन्स नव्हे.) मनसुद्धा हुकमात नाही, हे वाचून खचायला हवं होतं, मला हायसं वाटलं. सल्ल सुत्तातले (‘सल्ल’ म्हणजे बाण) दोन बाणही तेव्हाच नीट कळले. पहिला गळतीचा. दुसरा मी रोज रात्री स्वतःला मारत होतो, आणि वहीत त्याची नोंदही ठेवत होतो.

अर्थात, हा मार्ग वेळखाऊ. मी इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस बसलो. पहाटे चारची घंटा, मौन, आणि तासभर न हलता बसायचं म्हटल्यावर नेमका पेटणारा उजवा गुडघा. ज्याला उद्या सकाळी निर्णय घ्यायचाय त्याने एपिक्टेटसच उघडावा. शिवाय सोसायटीला पत्र कसं लिहायचं हे गुडघ्याकडे बघून कळत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर रात्री आता वही उघडत नाही. भांडण सुरू होतंच. चार-पाच वाक्यं झाली की लक्षात येतं, छातीत गरम झालेलं असतं, तिकडे बघत पडून राहतो. कधी झोप लागते. वही टाकलेली नाही. पुढच्या सभेचे मुद्दे तिच्यातच आहेत.