फ्लिपबेल्ट: फोन, किल्ली, जेलला उत्तम, पाण्यासाठी वेगळी सोय बघा

लाँग रनला फोन न्यायचा म्हणून बरेच जण आधी आर्मबँड घेतात. पण दोनशे ग्रॅमचा फोन एकाच दंडावर बांधला की तो हात अवघडतो. पट्टा घामाने घसरतो आणि आवळला तर रुततो. फ्लिपबेल्ट या कमरेच्या पट्ट्याचा तोडगा साधा आहे. ताणल्या जाणाऱ्या कापडाची सलग नळी, तिला चार चिरा, आत किल्लीसाठी हुक. बकल नाही, वेल्क्रो नाही. चड्डीसारखा पायांतून वर चढवायचा.

सगळा खेळ मापाचा आहे. जीन्सचा नंबर सांगून मागवाल तर फसाल. पट्टा जिथे बसणार तिथलं, म्हणजे बेंबीखाली कमरेच्या हाडांवरून माप घ्या. ढिला पट्टा धावताना शरीराच्या बारीक भागाकडे सरकतो आणि दोन-तीन किलोमीटरांत पोटावर गोळा होतो. दोन मापांच्या मधे असाल तर लहान घ्या, कारण बकल नसल्याने नंतर आवळता येत नाही. फोन आत घालून जागच्या जागी वीस उड्या मारून बघा. हलला तर माप बदला.

भरून झालं की पट्टा उलटवून चिरा अंगाकडे घ्यायच्या. ही पायरी गाळली तर एनर्जी जेलची (धावताना ताकदीसाठी चोखायच्या गोड पाकाची) पाकिटं हळूहळू वर येतात. फोन पाठीच्या खोलगट भागात, स्क्रीन अंगाकडे. किल्ली हुकला लावून फोनपासून दूरच्या कप्प्यात. शेजारी ठेवली तर स्क्रीनवर ओरखडे ठरलेलेच. तीन-चार जेल पुढे, दोन्ही बाजूंना विभागून. एका बाजूला भार आला की पट्टा फिरतो.

कापड घाम अडवत नाही, ही याची खरी मर्यादा. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनलाही हवा दमट असते. फोन झिपलॉक पिशवीत टाकल्याशिवाय ठेवू नका, नाहीतर चार्जिंगच्या भोकात ओल जाते. नोट असेल तर तीही त्याच पिशवीत. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला पावसाची शक्यता धरा आणि पिशवी दुहेरी करा. बिबच्या (शर्यतीच्या नंबरच्या कागदाच्या) पिना पट्ट्याला टोचू नका, विणीचे धागे सुटतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र हट्ट नको. पट्ट्यात बसतील अशा वक्र बाटल्या मिळतात, पण अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, आणि एवढं वजन कमरेला लागलं की कुठलंही माप टिकत नाही. वाटेत एड स्टेशन, म्हणजे पाणी देणारे थांबे नसतील तर दोन सॉफ्ट फ्लास्कची (मऊ, दबणाऱ्या बाटल्यांची) अंगात घालायची व्हेस्ट घ्या. फ्लास्क भरून झाकण लावल्यावर सरळ उभा धरा आणि उरलेली हवा तोंडाने ओढून घ्या, म्हणजे पाणी डचमळत नाही. दोन्ही फ्लास्कमधून आलटून पालटून प्या, नाहीतर व्हेस्ट एका खांद्याकडे ओढते.

पट्टा अंगाला घासतो तिथे, विशेषतः मागच्या बाजूला, व्हॅसलीन लावा. धावून आल्यावर लगेच साध्या पाण्यात हाताने खळबळा आणि सावलीत वाळवा. घामाचं मीठ तसंच राहिलं तर कापड कडक होतं आणि घासायला लागतं. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, ताण जातो.